इंग्रजीच्या माथ्यावर फोडलेलं खापर

माझी नोकरी काय होती हे कळलं की लग्नाच्या पंगतीत असो की सोसायटीच्या गच्चीवर, एक प्रश्न हमखास येतो. हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून मी तीसेक वर्षं काम केलं. "मग ते चरखी दादरीचं खरं का हो? त्या कझाक वैमानिकांना इंग्रजीच येत नव्हतं म्हणे." विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, दुजोरा हवा असतो, आणि तो मी वर्षानुवर्षं देत आले. 'हो, भाषेचा घोळ झाला,' एवढं म्हटलं की विषय संपतो आणि जेवण पुढे चालू होतं.

परवा तेच वाक्य माझ्या भाच्याच्या तोंडून ऐकलं. तो बारामतीला विमान चालवायला शिकतो आहे. आरटीआरची, म्हणजे रेडिओवर बोलण्याच्या परवान्याची परीक्षा तोंडावर आली आहे. "मावशी, मला त्या पेपरची काळजी नाही. माझं शिक्षण पहिल्यापासून इंग्रजीतून झालंय. असले घोळ कझाक लोकांचे होतात." तो मजेत बोलला, पण मला त्या रात्री झोप आली नाही. उद्या हा मुलगा दीडशे-दोनशे माणसं मागे बसवून उडणार, आणि आपलं इंग्रजी चांगलं आहे म्हणजे आपण ऐकण्यात चुकणार नाही अशी त्याची खात्री आहे. ही खात्री त्याला माझ्यासारख्यांनीच दिली. म्हणून आता दुजोरा देणं बंद. ते वाक्य अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच घातक आहे.

चरखी दादरीपासूनच सुरुवात करते, कारण सगळे तिथेच येऊन थांबतात.

१२ नोव्हेंबर १९९६. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सौदी अरेबियन एअरलाइन्सचं बोइंग ७४७ दिल्लीहून दाहरानकडे निघालं. त्यात ३१२ माणसं होती, आखातात कामाला निघालेले कितीतरी भारतीय त्यात होते. त्याच वेळी कझाकस्तान एअरलाइन्सचं इल्युशिन ७६ चिमकेंटहून दिल्लीकडे उतरत येत होतं, त्यात ३७. जाणाऱ्याला १४,००० फुटांवर राहायला सांगितलं होतं, येणाऱ्याला १५,००० फुटांवर. एकच वाट, दोघं समोरासमोर, मध्ये हजार फुटांचं अंतर. हे अंतर नियमाला धरून होतं. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरून बोइंग येत असल्याचं सांगितलं, ते किती मैलांवर आहे ते सांगितलं, दिसलं की कळवा म्हणाला. बघतोय, असं उत्तरही आलं. त्यानंतर पडद्यावरचे दोन ठिपके एकमेकांत मिसळले आणि पुन्हा वेगळे झाले नाहीत. ३४९ माणसं गेली. मी त्या संध्याकाळी दुसऱ्या एका विमानतळावर वॉचवर, म्हणजे ड्युटीवर, होते. दिल्लीची बातमी आमच्यापर्यंत आली तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. प्रत्येक जण आपापल्या पडद्याकडे बघत होता आणि प्रत्येकाच्या मनात एकच विचार होता, की तिथे मीही असतो तर हेच केलं असतं.

चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या आयोगाने केली. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं, हा निष्कर्ष निर्विवाद आहे. कारणांमध्ये आयोगाने इंग्रजीचं अपुरं ज्ञान नोंदवलं हेही खरं. पण त्याच्याच जोडीला कप्तानाचं कमी पडलेलं नेतृत्व नोंदवलं, विमान हाताळण्यातला ढिसाळपणा नोंदवला, आणि कॉकपिटमधल्या माणसांचा आपसात नसलेला ताळमेळ नोंदवला. लोकांच्या लक्षात राहिलं ते एकटं इंग्रजी.

आता त्या कॉकपिटमध्ये नीट डोकावून बघा. तिथे पाच जण होते. रेडिओवर बोलणारा माणूस वैमानिक नव्हताच. सोव्हिएत पद्धतीच्या त्या विमानात रेडिओ ऑपरेटर हे वेगळं पद असायचं. दिल्लीशी इंग्रजीत बोलायचं त्याने आणि विमान हाकायचं दुसऱ्यांनी. त्याच्यापुढे उंची दाखवणारं यंत्र नव्हतं. विमान किती उंचीवर आहे हे बघायचं तर मान लांब करून वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावावं लागायचं. त्याच्या मागच्या पिढ्यांचा हिशेब मीटरमधला, आणि आम्ही सांगतो ते फुटांत. या माणसाला १५० ही पातळी, म्हणजे १५,००० फूट, इंग्रजीतून कळलेली होती. शेवटच्या क्षणांत, आपण खाली आलो आहोत हे ध्यानात आल्यावर, १५० वर राहा, उतरू नका, असं आपल्या सहकाऱ्यांना सांगणारा तोच होता. ते त्याने रशियनमध्ये सांगितलं. म्हणजे ज्याला इंग्रजी येत होतं त्याला निरोप पोचला होता, आणि ज्यांच्या हातात विमान होतं त्यांच्यापर्यंत तो त्यांच्याच बोलण्याच्या भाषेत वेळेवर गेला नाही. ३४९ माणसांचा जीव त्या हातभर अंतरात अडकला होता. इंग्रजीची परीक्षा कितीही कठीण करा, त्या हातभर अंतराला ती शिवतसुद्धा नाही.

कोणी म्हणेल, समोरच्या बोइंगची १४० ही पातळी माहिती म्हणून सांगितली गेली आणि ती आपल्यालाच दिलेली आज्ञा आहे असं कझाकांना वाटलं असेल. असा तर्क बऱ्याच जाणकारांनी केला आहे. तो मान्य केला तरी माझंच म्हणणं पुढे जातं. उतरत्या विमानातला माणूस पुढच्या, त्याहून खालच्या आकड्याची वाट बघत असतो. १५० नंतर १४० येणार हे त्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं. तेवढ्यात कानावर १४० पडलं, की मन ते उचलतं. स्टेशनवर आपण कल्याण लोकलची वाट बघत असताना घोषणेतला 'कल्याण' एवढा शब्द ऐकून धावतो, पुढचं 'कडे जाणारी गाडी रद्द' कानात शिरतच नाही. ही मराठी कळत नसल्याची खूण नाही. वाट बघणारा कान असाच ऐकतो.

आणि दिल्लीच्या बाजूचं काय? त्या दिवशी नियंत्रकासमोर प्राथमिक रडार होतं. हे रडार ठिपका दाखवतं, ठिपका कुठे आहे ते सांगतं, किती उंचीवर आहे ते सांगत नाही. दुय्यम रडार असलं की विमानातलं यंत्र स्वतःहून उत्तर देतं आणि ठिपक्याशेजारी त्याची ओळख आणि उंची उमटते. जगातल्या मोठ्या विमानतळांवर ते कधीचं आलं होतं. दिल्लीचं बसवण्याचं काम तेव्हा चालू होतं. तेव्हा समोरचं विमान १५,००० वर आहे हे नियंत्रकाने मानलं, कारण विमानाने तसं सांगितलं. बघण्याची सोय नव्हती, फक्त ऐकण्याची होती. शिवाय दिल्लीच्या आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे, त्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच चिंचोळी वाट. घाटातल्या एकेरी रस्त्यावर दोन्हीकडून एसटी सोडायच्या आणि ड्रायव्हरांनी हॉर्न नीट ओळखावा अशी अपेक्षा धरायची, तसा हा प्रकार. अपघातानंतर येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, दुय्यम रडार आलं, धडक टाळणारी यंत्रणा भारतीय आकाशात सक्तीची झाली. या सगळ्यांत इंग्रजीचा एक शब्द नाही, आणि चरखी दादरी पुन्हा घडलं नाही ते यांच्यामुळे. 'त्यांना इंग्रजी येत नव्हतं' म्हटलं की यातलं काहीच बोलावं लागत नाही. रडार उशिरा का आलं हे विचारावं लागत नाही. दोष डोंगरांपलीकडे कझाकस्तानात पाठवून आपण मोकळे होतो.

माझ्या या बोलण्यावर ठरलेलं उत्तर येतं, की एका उदाहरणावरून नियम काढू नका. मग दुसरी उदाहरणं घ्या.

२७ मार्च १९७७, तेनेरिफ बेटावरचा लॉस रोदेओस विमानतळ. धावपट्टीवर दोन जम्बो विमानांची धडक, ५८३ मृत्यू. विमान वाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात इतकी माणसं कधी गेली नाहीत. डच कप्तान त्यांच्या कंपनीचा नामांकित वैमानिक, नव्या वैमानिकांना शिकवणारा. दुसरं विमान अमेरिकन. धुकं उतरलेलं. डच विमानाने रेडिओवर आपण 'ॲट टेक-ऑफ' आहोत असं कळवलं. नियंत्रकाला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. खरं म्हणजे ते धावायला लागले होते. नियंत्रकाने आधी 'ओके' म्हटलं आणि मग थांबायला सांगितलं. नेमक्या त्याच क्षणी अमेरिकन विमानही बोललं. एका फ्रिक्वेन्सीवर दोघं एकदम बोलले की शब्द विरतात आणि शिट्टीसारखा आवाज येतो. आम्ही रोज ऐकायचो तो आवाज. डच कॉकपिटमध्ये 'ओके'पुढचं त्या शिट्टीत गेलं. आणि त्यानंतरचा प्रसंग मला सर्वांत जास्त छळतो. मागे बसलेल्या डच अभियंत्याला शंका आली. ते दुसरं विमान अजून धावपट्टीवर नाही ना, असं त्याने डचमध्ये आपल्या कप्तानाला विचारलं. कप्तानाने ठामपणे, आहे ना बाजूला, अशा अर्थाचं उत्तर दिलं. अभियंता पुन्हा बोलला नाही. मायभाषेत विचारलेला, मायभाषेत उडवून लावलेला प्रश्न. वरिष्ठासमोर दुसऱ्यांदा शंका काढायची हिंमत कोणत्या इंग्रजी व्याकरणाने येते, मला कोणी सांगावं.

१ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस. नियंत्रक अमेरिकन, दोन्ही विमानं अमेरिकन, भाषा सगळ्यांची जन्मापासूनची. एका लहान विमानाला धावपट्टीवर उभं केलेलं नियंत्रकाच्या ध्यानातून गेलं आणि तिने दुसऱ्याला त्याच धावपट्टीवर उतरवलं. ३५ मृत्यू.

२ जानेवारी २०२४, टोकियोचं हानेदा. तटरक्षक दलाच्या विमानाला धावपट्टीच्या अलीकडे थांबायला सांगितलं होतं आणि त्याच्या जोडीला 'नंबर वन' म्हटलं होतं, म्हणजे उड्डाणाच्या रांगेत तुमचा पहिला क्रमांक. वैमानिकाने ते वाक्य बरोबर परत म्हणून दाखवलं. आणि मग विमान धावपट्टीवर नेऊन उभं केलं, कारण पहिला नंबर म्हणजे जायला मोकळीक मिळाली असा त्याचा समज झाला. उतरणारं मोठं विमान त्यावर आदळलं. त्या जळत्या विमानातून ३७९ जण जिवंत बाहेर आले, तटरक्षकांच्या सहांपैकी पाच जण गेले. बोलणारे आणि ऐकणारे दोघेही जपानी. परत म्हणून दाखवलेले शब्द तंतोतंत बरोबर. जपानने त्यानंतर 'नंबर वन' म्हणणंच काही काळ थांबवलं. हा शहाणपणा मला आवडला. माणसाची शिकवणी लावण्याआधी त्यांनी शब्द तपासला.

रेडिओवर जे बोललं जातं ते इंग्रजीच नव्हे, हे मला भाच्याला पटवून द्यायचं आहे. त्यात इंग्रजी शब्द आहेत एवढंच. तीनला 'ट्री' म्हणायचं, पाचला 'फाइफ', नऊला 'नाइनर', कारण खरखरीत 'फाइव्ह' आणि 'नाइन' एकसारखे ऐकू येतात. विमानाचा क्रमांक, दिशा, धावपट्टी, सगळं एकेक आकडा सुटा करून. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. मराठी बुडाली म्हणेपर्यंत मजल गेली. मंगला नारळीकर यांच्या समितीचं म्हणणं साधं होतं, की मुलाला 'पंचवीस' ऐकताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहायचा दोन आधी. मी त्या वेळी घरात एकटीच त्यांच्या बाजूने भांडत होते. एकोणसत्तर की एकोणऐंशी, त्रेसष्ट की त्र्याहत्तर, हे आपल्यालाही दोनदा विचारावं लागतं, आणि मराठी तर आपली मायभाषा. आकडा चुकीचा ऐकला जातो तो भाषा येत नाही म्हणून नव्हे, आकडा सांगण्याची पद्धत चुकीला वाव देते म्हणून.

असाच वाव १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ मिळाला. फ्लाइंग टायगरच्या मालवाहू बोइंगला २,४०० फुटांवर उतरायला सांगितलं गेलं, आकडे सुटे करून, 'टू फोर झीरो झीरो'. अमेरिकन वैमानिकांनी त्यातला 'टू' हा आकडा न समजता 'पर्यंत' या अर्थाचा शब्द समजला आणि ४०० फुटांवर निघाले. चारशे, असं त्यांनी परत म्हटलंही. ते कोणी पकडलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघे गेले. ज्यांची चूक झाली त्यांची इंग्रजी ही मायभाषा होती, आणि मायभाषा होती म्हणूनच त्यांच्या कानाने तो 'टू' वाक्यात बसवून घेतला. आज उंची सांगताना हजार आणि शंभर हे शब्द स्पष्ट उच्चारायचे असतात.

अमेरिकेतलाच दुसरा प्रकार. धावपट्टीवर येऊन उभे राहा हे सांगायला तिथे कित्येक वर्षं 'पोझिशन अँड होल्ड' म्हणत. उरलेल्या जगात 'होल्डिंग पोझिशन' म्हणजे धावपट्टीच्या बाहेर थांबायची जागा. तेच दोन शब्द, अर्थ जवळपास उलटे. बाहेरून येणाऱ्या वैमानिकाच्या अंगावर काटा यावा अशी ही बोली अमेरिकेने ३० सप्टेंबर २०१० रोजी सोडली आणि जगासारखं 'लाइन अप अँड वेट' म्हणायला सुरुवात केली. तोपर्यंतच्या गैरसमजांत कोणाचं इंग्रजी कच्चं धरायचं?

चरखी दादरीनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या. वैमानिकाला आणि नियंत्रकाला निदान चौथी पातळी हवी. मी ती परीक्षा दिली आहे, आणि ती नसावी असं माझं म्हणणं नाही. काही तरी विपरीत घडलं, की ठरलेली वाक्यं संपतात आणि मोकळं बोलावं लागतं, तेव्हा भाषा लागते. माझा आक्षेप आहे तो तिच्यावर टाकलेल्या भरवशाला. परीक्षेत एक माणूस बोलतो आणि परीक्षक त्याचा उच्चार, शब्दसंग्रह, ओघ जोखतो. फ्रिक्वेन्सीवर ओघ हाच शत्रू. सहावी पातळी मिळाली की ती जन्मभरासाठी, मग तो माणूस किती भरभर बोलतो, अर्धी वाक्यं गिळतो का, हे पुन्हा कोणी विचारत नाही. ज्यांचं इंग्रजी सर्वांत अस्खलित, त्यांच्याशी बोलताना मला सर्वांत जास्त वेळा 'से अगेन' म्हणावं लागलं आहे.

आव्हियान्काचं उदाहरण माझ्या विरोधात पुढे केलं जातं, ते टाळत नाही. २५ जानेवारी १९९०, न्यूयॉर्क. कोलंबियाहून आलेलं विमान सव्वा तासावर आकाशात घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं. सहवैमानिकाने 'प्रायॉरिटी' हवी म्हटलं, इंधन संपतंय म्हटलं, पण 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. तो शब्द कानावर पडला असता तर नियंत्रकांनी सगळं बाजूला सारलं असतं. विमान कोव्ह नेकच्या टेकाडावर पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले. इथे भाषा आडवी आली, मान्य. पण बघा, 'इंधन संपतंय' हे वाक्य कच्च्या इंग्रजीतलं आहे का? पाचवीतल्या मुलालाही ते कळेल. न्यूयॉर्कच्या त्या वादळी रात्री प्रत्येकाचंच इंधन कमी होतं, म्हणून ते वाक्य ऐकूनही कोणी दचकलं नाही. इंधन कमी होत जाताना कोणत्या पायरीला कोणता शब्द म्हणायचा, हे सगळ्यांसाठी सारखं ठरलेलं नव्हतं. पुढे ते ठरलं. आता इंधनासाठी 'मिनिमम फ्युएल' आणि त्याच्या पुढची पायरी म्हणून 'मेडे फ्युएल' असे नेमके शब्द आहेत. कोणाचीही शिकवणी न लावता ते दार बंद करता आलं.

आता आमच्या बाजूच्या कानाबद्दल. नियंत्रकाने सांगायचं, वैमानिकाने परत म्हणायचं, ते रीडबॅक. ते नियंत्रकाने लक्ष देऊन ऐकायचं, ते हिअरबॅक. पहिल्याबद्दल सगळे बोलतात. दुसऱ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, कारण न ऐकल्याचा आवाज होत नाही. लहानपणी आजी गोष्ट सांगायची आणि आम्ही भावंडं 'हं' म्हणायचो. झोप लागली तरी 'हं' चालू असायचा. आजी मध्येच विचारायची, राजा कुठे गेला? तेव्हा कळायचं कोण जागं आहे. 'रॉजर' म्हणजे तो 'हं' आहे. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. कबूल आहे, करतो, कळलं, यांतलं काहीही त्यात नाही.

माझा स्वतःचा 'हं' सांगते. पावसाळ्यातली संध्याकाळ होती. दोन विमानं दुसरीकडून वळवलेली, म्हणून फ्रिक्वेन्सीला क्षणाची उसंत नव्हती. एकाच कंपनीची दोन विमानं माझ्याकडे होती, एकाच्या क्रमांकाचा शेवट पाच-सहा-तीन, दुसऱ्याचा पाच-तीन-सहा. समोरच्या फळीत दोघांच्या स्ट्रिप, म्हणजे विमानाची माहिती लिहिलेल्या पट्ट्या, एकाखाली एक. मी पहिल्याला ७,००० फुटांवर उतरायला सांगितलं. उत्तर आलं, उंची बरोबर, शब्द बरोबर, आवाज स्पष्ट. मी स्ट्रिपवर खूण केली आणि तिसऱ्या विमानाकडे वळले. शेजारी बसलेल्या ज्युनियर मुलीने माझ्या कोपराला हात लावला. काही म्हणाली नाही, पेनाचं टोक पडद्यावर ठेवलं. दुसरं विमान उतरत होतं. माझं वाक्य त्याने उचललं होतं आणि मी उत्तरातला क्रमांक ऐकलाच नव्हता. मला जो ऐकायचा होता तो ऐकला होता. मी त्याला आहे त्या उंचीवर थांबवलं, दुसरं वळवलं. विमानांत बसलेल्यांना कदाचित एक वळण जाणवलं असेल. तो वैमानिक नागपूरचा होता, पुढे एकदा फोनवर मराठीतच बोललो. त्याचं इंग्रजी उत्तम होतं. माझंही.

त्या दिवशी दोष कोणाचा होता? माझा होताच. पण माझ्या वॉचचा तो सलग कितवा तास होता, दोन सारखे क्रमांक एकाच वेळी एका आकाशात कोणी सोडले, ती ज्युनियर मुलगी त्या खुर्चीत असायलाच हवी होती की त्या दिवशी योगायोगाने होती, हेही तेवढेच प्रश्न आहेत. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगनवरच्या आकाशासाठी स्वित्झर्लंडमध्ये एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता, जोडीदार विश्रांतीला गेलेला, फोनच्या मुख्य लाइनी आणि रडारच्या काही सोयी दुरुस्तीसाठी बंद. त्याने रशियन विमानाला उतरायला सांगितलं, ते उतरलं. आज्ञा समजण्यात घोळ नव्हता. फक्त त्याच क्षणी विमानातलं यंत्र चढायला सांगत होतं, आणि समोरच्या विमानातलं यंत्र त्या वैमानिकांना उतरायला. दोन्ही विमानं धडकली, ७१ जण गेले, त्यांत बहुसंख्य शाळकरी मुलं. त्या नियंत्रकाचा २००४ मध्ये एका शोकाकुल बापाने खून केला. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने व्यवस्थापकांना दोषी ठरवलं. हा क्रम मला विसरता येत नाही.

काही जण म्हणतात, बोलणंच बंद करा, संदेश लिहून पाठवा. समुद्रावरून जाणाऱ्या विमानांशी आम्ही तसं करतो, आणि तिथे ते छान चालतं. पण विमान उतरत असताना वाचायला कोणाला सवड आहे? शिवाय बोलताना एकाला दिलेली आज्ञा फ्रिक्वेन्सीवरचे सगळे ऐकतात. अहो, ते माझ्यासाठी होतं, असं सांगणारा तिसरा आवाज कितीदा वेळेवर आला आहे. लिखित संदेशात तो आवाज नसतो.

माझी मागणी साधी आहे आणि ती इंग्रजीच्या शिक्षकाकडे नाही. नियंत्रकांची माणसं कमी आहेत हे संसदेच्या समितीपुढेही आलं आहे, ती भरा. थकलेल्या कानाला वेळेवर उठवा. सारख्या क्रमांकांची विमानं एका वेळी सोडू नका. आणि सर्वांत आधी, चूक सांगणाऱ्याला चूक सांगू द्या. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि नियंत्रक आपल्या चुका नासाकडे कळवतात. नासा विमान कंपनीही नाही आणि शिक्षा करणारी यंत्रणाही नाही. नाव-गाव काढून टाकून ती फक्त घटना पुढे पाठवते. आपल्याकडे ८ जून २०२४ रोजी मुंबईच्या एकाच धावपट्टीवर एक विमान उडत असताना दुसरं टेकलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि लगेच पहिली बातमी आली ती नियंत्रकाला ड्युटीवरून काढल्याची. चौकशी व्हायची होती, पण माणूस आधीच बाजूला. उरलेल्या सगळ्या खोल्यांमधल्या सगळ्या नियंत्रकांनी ती बातमी वाचली. त्यातून त्यांनी काय धडा घेतला असेल हे मला विचारा.

कारण तो धडा मीही कित्येक वर्षं आधी घेतला होता. पाच-सहा-तीन आणि पाच-तीन-सहाची ती संध्याकाळ मी कुठेच लिहून दिली नाही. वैमानिकानेही दिली नाही. हँडओव्हर देताना पुढच्या माणसाला हवामान सांगितलं, वळवलेली विमानं सांगितली, आणि हे गाळलं. ज्युनियर मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तीही गप्प राहिली. ती दोन्ही विमानं त्या वेळापत्रकाच्या शेवटच्या दिवसापर्यंत रोज संध्याकाळी, साधारण त्याच दहा मिनिटांत, आमच्या फ्रिक्वेन्सीवर येत राहिली, आणि दर वेळी खुर्चीत कोणीतरी वेगळं बसलेलं असायचं.